मोजले कुठे, हे आधी विचारा!

‘अमुक खा, मेंदूतील वाढ-घटक वाढतील,’ अशा जाहिराती आपण पाहतो. विद्यार्थिमित्रांनो, आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी विचारा : तो मोजला कुठे?

चेतापेशींना जगवणारे ‘बीडीएनएफ’ हे प्रथिन १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले. जिवंत माणसाच्या मेंदूत ते किती स्रवते, हे पाहण्यासाठी कवटी उघडता येत नाही. म्हणून बहुधा दंडातील रक्त तपासतात. पण रक्तातील प्लेटलेट पेशीही हे प्रथिन साठवतात आणि रक्त गोठताना सोडतात. मग आकडा मेंदूचा की प्लेटलेटांचा?

यावर उपाय आहे तो साध्या जमाखर्चाचा. अवयवात शिरणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या रक्तातील फरक काढा आणि त्याला रक्तप्रवाहाने गुणा. हे तत्त्व आडोल्फ फिक यांनी १८७० साली मांडले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चार तास वल्ही मारण्याचा व्यायाम करणाऱ्यांच्या धमनीतील रक्ताची मेंदूतून परतणाऱ्या मानेतील शिरेच्या रक्ताशी तुलना केली. शिरेत प्रथिन अधिक निघाले. ते मेंदूतून येत असल्याचा हा पुरावा मानला गेला.

आपण प्रयोगवहीत आकड्यापुढे एकक लिहितो. माझ्या मते, मोजमापाचे ठिकाणही तितक्याच कटाक्षाने लिहायला शिकवले पाहिजे.