प्रिटोरियाला एक न्याय, गावकुसाला दुसरा?

1946 साली भारत अजून स्वतंत्रही झाला नव्हता, तेव्हा दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद करणारा तो जगातला पहिला देश ठरला. तिथल्या भारतीयांच्या जमीन-वस्तीच्या हक्कांवर गदा आणणारा कायदा झाला होता. त्याच वर्षी भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. 'हा आमचा अंतर्गत प्रश्न' हे दक्षिण आफ्रिकेचे उत्तर भारताने मानले नाही. 1974 मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम लढतही सोडली. वर्णभेदी राजवट संपत आल्यावर, नोव्हेंबर 1993 मध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जुळले.

या भूमिकेचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच काळात मराठवाड्यात काय चालले होते? 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी, प्रिटोरियाशी मैत्री जुळल्यावर काही आठवड्यांनी.

पुढे 2001 च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला, तेव्हा भारत सरकार म्हणाले, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीही सांगितले होते. पण मुद्दा जन्मावरून होणाऱ्या भेदभावाचा होता. 1965 च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात 'जन्मपरंपरा' हा आधार भारताच्याच सूचनेवरून आला. त्यात जातही येते, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2002 मध्ये स्पष्ट केले.

एक फरक मात्र विसरू नये. तिथे कायदाच माणसे वेगळी करत होता. आपल्याकडे कलम 17 अस्पृश्यता नष्ट करते, तरी गावात वस्ती आणि स्मशान वेगळे राहते. म्हणून केवळ बाहेरचा दबाव पुरणार नाही, कायदा राबवून घ्यावा लागेल.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. जालन्यात गेल्या वर्षभरात किती बैठका झाल्या, किती प्रकरणांचा आढावा घेतला? भोकरदनपासून परतूरपर्यंतच्या तरुणांनी माहिती अधिकारात इतिवृत्ते मागवावीत. जगाला जाब विचारणाऱ्या देशाला आपल्या जिल्ह्याचा जाब आपणच विचारायचा आहे.

जय भीम!