बातमीच्या वेषातील जाहिरात

वृत्तपत्रे खोटे छापतात, ही तक्रार जुनीच आहे. आम्हांला येथे तिच्याहून निराळ्या, अधिक सूक्ष्म अशा फसवणुकीविषयी लिहायचे आहे. या फसवणुकीत एकही विधान खोटे असावे लागत नाही. मजकूर जाहिरातीचा आणि मांडणी बातमीची, एवढे पुरते.

साहित्याच्या अभ्यासकाला हे चटकन उमगावे. प्रत्येक लेखनप्रकार वाचकाशी एक अलिखित करार करीत असतो. कादंबरीतील पात्रांचा पत्ता आपण विचारीत नाही. आत्मचरित्रातील घटना मात्र घडलेल्या आहेत असे धरून चालतो. जाहिरात वाचताना आपण सावध असतो, कारण बोलणारा विकणारा आहे हे चौकटीवरूनच कळते. बातमी वाचताना ही सावधगिरी आपण बाजूला ठेवतो. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याने लिहिण्याचे पैसे मोजलेले नाहीत, असे गृहीत धरतो. 'पेड न्यूज'मध्ये विकला जातो तो हा विश्वास.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच लेख तीन स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला, हे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून त्याच वर्षी दाखवून दिले. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यीय उपसमितीने २०१० मध्ये सादर केलेल्या अहवालात तर याहून विलक्षण नमुने आहेत: एकाच वृत्तपत्राच्या एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवार, आणि विजय दोघांचाही निश्चित! कौन्सिलने तेव्हा केवळ संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध केला. ७१ पानांचा मूळ अहवाल लोकांसमोर येण्यास २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

या व्यवहारामागील हिशेब सरळ आहे. त्या निवडणुकीत उमेदवाराला १० लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. जाहिरात खर्चात धरली जाते. 'बातमी' धरली जात नाही. रोखीच्या व्यवहाराला पावती नसते, त्यामुळे तो सिद्ध करणे दुरापास्त. वर उल्लेखिलेल्या निवडणुकीतील मुख्यमंत्र्यांच्या खर्चाच्या प्रकरणात निवडणूक आयोगाने दिलेला आदेश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. न्यायालयाने पुराव्यावाचून दोषी धरू नये, हे योग्यच. वाचकाला मात्र पावतीची गरज नाही. त्याच्यासमोर संहिता असते.

आणि संहिता पुष्कळ बोलते. अशा मजकुरात विशेषणे दाट आणि क्रियापदे कर्त्यावाचून असतात. पाठिंबा 'उत्स्फूर्त', दौरा 'झंझावाती', चर्चा 'सर्वत्र' होत असते. पण ती कोण करतो, हे सांगितले जात नाही. विरोधी उमेदवाराचे नाव येत नाही, शंका विचारणारा मतदार भेटत नाही. स्तुतिपर लेखनाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. परंतु दरबारातील भाट आपण भाट असल्याचे लपवीत नसे.

वाचक दूधखुळा नाही, त्याला हे सारे ठाऊक असते, असा एक युक्तिवाद केला जातो. आम्हांला तो फसवा वाटतो. सगळेच विकत घेतलेले असते, असे एकदा मनाने घेतले की वाचक खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवीत नाही. धरणग्रस्तांची हकीकत आणि उमेदवाराचे गुणगान यांना तो एकच भाव देतो. भ्रष्ट सत्तेला याहून सोयीचा वाचक कोणता?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, मराठीच्या वर्गात कवितेइतक्याच बारकाईने वृत्तपत्राचा एखादा रकाना वाचला जावा. हे कोण बोलत आहे, कोणासाठी, आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे प्रश्न आपण कथेच्या निवेदकाला नेहमीच विचारतो. येत्या निवडणुकीत एखाद्या प्राध्यापकाने दोन दैनिकांची त्याच दिवशीची पाने विद्यार्थ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवून तेच प्रश्न विचारून पाहावेत.