थांबण्याचे सामर्थ्य

'साठी, बुद्धी नाठी' असे आपण सहज बोलून जातो. आजोबांच्या हातून चहाचा पेला कलंडला, आजीचे पाऊल पायरीवर चुकले, किंवा मोटारीचा हॉर्न वाजताच एखादे वृद्ध गृहस्थ थांबण्याऐवजी पुढेच गेले, की ही म्हण ओठांवर येते. तीत थोडी थट्टा असते आणि बरीचशी अधीरता. परंतु वार्धक्यात मेंदूमध्ये काय घडते याविषयी गेल्या काही दशकांत जे ज्ञान हाती आले आहे, ते पाहता या म्हणीला आता रजा द्यावयास हवी. अशा पुष्कळ प्रसंगी बुद्धी नाठी झालेली नसते. लगाम थोडा सैल झालेला असतो.

हालचाल म्हणजे मेंदूने स्नायूंना दिलेला हुकूम, एवढीच आपली सर्वसाधारण कल्पना. वस्तुतः प्रत्येक हालचालीत हुकुमाइतकाच मनाईचाही वाटा असतो. सुईत दोरा ओवताना दोन बोटे हलवावयाची, तर उरलेली स्थिर ठेवावी लागतात. उजवा हात कामात असता डाव्याला गप्प बसवावे लागते. उचललेले पाऊल वाटेत साप दिसताच मागे घ्यावे लागते. ही मनाई म्हणजे हालचालीचा नुसता अभाव नव्हे. ती मज्जासंस्थेची एक स्वतंत्र क्रिया आहे. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांनी या क्रियेचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर तेथील व्याख्यानासाठी हाच विषय निवडला. गोमंतकीयांस हे तत्त्व नवे वाटू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळ्यांसमोर निःशस्त्र सत्याग्रही उभे राहिले, तेव्हा हात न उचलणे हीदेखील एक कृती असते, हे सर्वांनी पाहिले होते.

मेंदूतील हे मनाईचे काम प्रामुख्याने एका साध्या द्रव्याकडे असते. गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल हे त्याचे लांबलचक नाव. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात 'गाबा' म्हणतात. ते मेंदूत असल्याचा शोध १९५० साली लागला. मौजेची गोष्ट अशी की, मज्जापेशींना चेतवणारे जे ग्लुटामेट नावाचे द्रव्य, त्याच्यापासूनच मेंदू हे शमन करणारे द्रव्य तयार करतो. चेतविणारा आणि आवरणारा एकाच घरचे! दोघांचा तोल राहतो तोवर पाऊल नेमके पडते आणि हात नेमका थांबतो.

वयपरत्वे हा तोल हळूहळू ढळतो. चुंबकीय यंत्रांच्या साहाय्याने आता जिवंत माणसाच्या मेंदूतील गाबाचे प्रमाण शस्त्र न लावता अजमावता येते. अशा अनेक पाहण्यांत, विशेषतः मेंदूच्या पुढील भागात, वृद्धांमध्ये ते तरुणांपेक्षा कमी आढळले आहे. मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याला जो दाब देत असतो, तोही उतारवयात उणावतो, असे अनेक प्रयोगांत दिसते. मग एका हाताचे काम चालू असता दुसऱ्याची बोटे नकळत साथ देऊ लागतात. सुरू केलेली कृती इशारा मिळताच थांबवावयास वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक वेळ लागतो, हे तर पुनःपुन्हा दिसून आले आहे. अर्थात सर्व पाहण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, आणि एकाच वयाच्या दोन व्यक्तींमध्येही मोठा फरक असतो. म्हणून हा वयाचा कल समजावा, निवाडा नव्हे. कंपवातासारखी व्याधी ही तर वेगळीच गोष्ट. तिची लक्षणे 'वय झाले' म्हणून अंगावर काढू नयेत.

मेंदूला आवरण्याचे काम जड जाऊ लागले, की माणूस एका वेळी एकच गोष्ट करू पाहतो. १९९७ साली स्वीडनमध्ये काही वृद्धांच्या चालण्याचे निरीक्षण झाले. चालता चालता बोलण्याची वेळ येताच जे थांबत, त्यांपैकी बहुतेक जण पुढील सहा महिन्यांत पडले. वाटेत आजोबा बोलावयास थांबतात तेव्हा आपण चडफडतो. त्या थांबण्यात त्यांचे शरीर आपल्याला काही सांगत असते.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. पुष्कळ घरांत वृद्धांच्या उशाशी झोपेच्या गोळ्यांची पट्टी असते. एकदा लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. डायझेपामच्या जातीच्या या गोळ्या गाबाचाच प्रभाव वाढवितात. मग त्यांनी लगाम घट्ट होईल, असा कोणाचा समज होईल. पण घडते उलट. मेंदूला हवे तेथे आणि हवे तेव्हा शमन हवे असते. गोळी सरसकट सगळीकडेच मंदपणा आणते. परिणामी रात्री उठलेला वृद्ध पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. मद्याचा परिणामही बऱ्याच अंशी याच वाटेने होतो. गोळी आणि फेणी यांचा संयोग तर अतिशय घातक. मात्र अशा गोळ्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच क्रमाक्रमाने कमी कराव्यात. बाटलीत भरून विकला जाणारा गाबा तोंडावाटे घेतल्यास मेंदूपर्यंत पुरेसा पोहोचतो, यालाही भक्कम पुरावा नाही.

ज्याला पुरावा आहे तो उपाय साधा आहे. तोल सांभाळण्याचा आणि पायांचे बळ वाढविण्याचा नियमित व्यायाम केल्यास वृद्धांचे पडणे सुमारे एकचतुर्थांशाने घटते. परंतु सारा भार वृद्धांवरच टाकणे न्याय्य नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११ टक्क्यांहून अधिक होते. आणि तरीही आमच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळाभर शेवाळ माजते, बाजूला धरावयास कठडा नसतो, बाजारातील पदपथ दुचाक्यांनी अडविलेले असतात, आणि म्हाताऱ्याचा दुसरा पाय बसमध्ये पडण्यापूर्वीच कंडक्टरची शिटी वाजते. ज्याला थांबावयास क्षणभर अधिक लागतो, त्याला तो क्षण देणे एवढेच येथे करावयाचे आहे. जिन्यात एक दिवा, पायरीला एक कठडा, रस्ता ओलांडताना वाहनचालकाने लावलेला ब्रेक, यांसाठी मोठ्या योजनांची वाट पाहावी लागत नाही.

वृद्धांचा लगाम निसर्गनियमाने सैल होतो, त्यात त्यांचा दोष नाही. आपला लगाम मात्र शाबूत आहे. घरात पेला कलंडला की जीभ आवरणे आणि रस्त्यावर पांढरे केस दिसले की गाडी आवरणे, एवढे तरी आपल्या हाती खासच आहे.