न मोजलेली तूट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या विहिरीवरील मोटार जळाली. वाइंडिंग करून ती आठ दिवसांत परत आली, टाकीत पाणी चढू लागले आणि ‘मोटार पूर्ववत झाली’ अशी नोंद वहीत झाली. विज्ञान मंडळाच्या आम्हां विद्यार्थ्यांच्या मनात मात्र एक शंका उरली. ती पूर्ववत झाली हे ठरविले कशावरून? तितकेच पाणी चढविण्यास ती पूर्वीइतकीच वीज घेते की अधिक, हे कोणीच पाहिले नव्हते. आणि जळण्यापूर्वी ती किती घेत होती, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. त्या शंकेतून सुचलेले विचार वडीलधाऱ्यांचा अधिक्षेप न करता येथे मांडीत आहोत.

मोटारीने शाफ्टवर दिलेली शक्ती आणि तारांतून घेतलेली शक्ती यांचे प्रमाण म्हणजे तिची कार्यक्षमता. मोटारीच्या पाटीवर लिहिलेली अश्वशक्ती ही ती देते ती शक्ती होय. घेते ती नेहमीच त्याहून अधिक असते. घेतलेली शक्ती वॅटमापकावर दिसते. दिलेली मोजण्याची युक्ती जुनी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ च्या सुमारास फिरत्या यंत्राला ब्रेक लावून त्याची शक्ती मोजण्याची रीत काढली. आजही प्रयोगशाळेत मोटारीच्या पुलीवर पट्टा टाकून त्याची दोन टोके दोन ताणकाट्यांना अडकवितात. समजा, काट्यांतील फरक १० किलोग्रॅम, पुलीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि वेग मिनिटास १४४० फेरे आहे. तर मोटार सुमारे १४८० वॅट देत आहे. वॅटमापक १८५० दाखवीत असेल, तर कार्यक्षमता ८० टक्के झाली. उरलेले ३७० वॅट मोटार तापविण्यात खर्ची पडले.

हे गणित आठवीतील मुलासही सुटेल. अडचण पुढे आहे. मोटार जितकी चांगली, तितके तिचे मोजमाप नाजूक. एखाद्या मोटारीची खरी कार्यक्षमता ९० टक्के असून आमच्या काट्याच्या चुकीने ती ९१ आली, तर चूक एकाच टक्क्याची वाटते. पण तूट १० ऐवजी ९ दिसली, म्हणजे तुटीचा एक दशांश भाग आमच्या डोळ्यांआड झाला. म्हणून जाणते परीक्षक तूटच वेगवेगळी मोजतात: स्थिर भागातील तांब्याच्या तारांतील, फिरत्या भागातील, लोखंडी पत्र्यांतील आणि बेअरिंगचे घर्षण व पंखा यांतील. या चौघींखेरीज पाचवी एक संकीर्ण तूट उरते. ती भाराबरोबर वाढते आणि सहजासहजी हाती लागत नाही.

या पाचवीचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटला. अमेरिकेतील एका प्रमाणित पद्धतीत ती प्रयोगाने काढीत. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाच्या जुन्या मानकात ती न मोजता, पूर्ण भारास घेतलेल्या शक्तीच्या अर्धा टक्का धरून चालत. आणि जपानच्या जुन्या पद्धतीत ती शून्यच धरीत. परिणामी एकच मोटार एका देशात कमी कार्यक्षम ठरे आणि दुसऱ्या देशात अधिक. मोटारीत काडीचाही बदल झालेला नसे. बदलत असे तो केवळ हिशेब. पुढे २००७ साली आयोगाच्या नव्या मानकाने ही तूटही प्रयोगाने काढण्याच्या पद्धतीस अग्रस्थान दिले.

जे मोजले नाही ते शून्य धरावे, ही चूक केवळ तज्ज्ञांचीच आहे काय? वाइंडिंगच्या दुकानात जुनी तार काढताना पत्रे बेताबाहेर तापविले, तर त्यांवरील रोधक थर बिघडतो आणि लोखंडातील तूट वाढते. काळजीपूर्वक काम केल्यास कार्यक्षमता राखता येते, हेही तितकेच खरे. म्हणून कारागिरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. चांगल्या कारागिराचे श्रेय आणि निष्काळजी कारागिराचा दोष, दोन्ही आपण न मोजल्यामुळे एकाच मापाने तोलले जातात, याचे आम्हांस वाईट वाटते.

पिठाच्या गिरणीचे उदाहरण घ्या. दहा अश्वशक्तीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची, चार ध्रुवांची मोटार आयई-१ वर्गातील असेल तर तिची कार्यक्षमता किमान ८६ टक्के असावी लागते. आयई-३ वर्गात ९०.४ टक्के. फरक लहान दिसतो, परंतु पूर्ण भाराने एक हजार तास चालविल्यास तो सुमारे ४२४ युनिटांचा होतो. गिरणीवाला मोटारीची किंमत एकदाच देतो. तुटीची किंमत तो दरमहा देत राहतो.

शेतावर मात्र निराळेच उत्तर ऐकू येते. आमच्या बेळगाव जिल्ह्यात, सर्व कर्नाटकाप्रमाणे, दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज विनामूल्य मिळते. आमच्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे आणि या सवलतीचे मोल आम्ही जाणतो. ‘वीज फुकट आहे, मग मोजायची कशाला?’ असे आजोबा विचारतात, तेव्हा आम्हांस पटकन उत्तर देता येत नाही. तरीही विचारान्ती आम्हांस वाटते की, शेतकऱ्याने न दिलेली किंमत शासन अनुदानातून, म्हणजे आपणां सर्वांच्याच पैशातून, देत असते. शिवाय वीज ठरावीक तासच येते. त्या तासांत वाईट मोटार कमी पाणी देत असेल, तर ते नुकसान पिकाचेच, आणि त्यास अनुदान नाही. सवलत काढावी असे आम्ही म्हणत नाही. सवलत राहो, पण हिशेबही राहो.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. शाळेने प्रयोगशाळेत एक ब्रेक, दोन ताणकाटे, एक फेरेमापक आणि एक वॅटमापक ठेवावा. विहिरीवरील मोटार चांगली चालत असतानाच, शिक्षकांच्या देखरेखीखाली, तिची भाररहित शक्ती, तारांचा रोध आणि टाकी भरण्यास लागणारी युनिटे एका वहीत लिहावीत. दुरुस्तीनंतर तीच मोजमापे पुन्हा घ्यावीत. ‘पूर्ववत’ हा शब्द त्या दोन ओळी ताडून पाहिल्यावरच लिहावा. पालकांनीही आपली मोटार परत आणताना दुकानदारास एवढेच विचारावे की, मोजून पाहिली काय?

‘वीज वाचवा’ असे सुंदर अक्षरांतील फलक आमच्या भिंतींवर आहेत आणि ते आम्हीच रंगविले आहेत. त्यांच्याखाली आता ही वही टांगावी, अशी आमची इच्छा आहे. तिचे पहिले पान लिहिण्यास आम्ही सिद्ध आहोत.