घराण्यातच आहे, तर मुलांना तपासा

चाळिशीतला माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला की भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतेच, ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते, वडीलही असेच गेले.’ त्यात अनेकदा तथ्य असते. पण हे बोलणे सांत्वनापाशीच थांबते. घराण्यात आहे तर ते त्या माणसाच्या शाळकरी मुलांतही असू शकेल आणि रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळेल, हा पुढचा विचार सहसा होत नाही. कुणी सुचवलाच, तर ‘पोरगं सडसडीत आहे, दिवसभर खेळतं, त्याला कसलं कोलेस्टेरॉल?’ असे उत्तर मिळते.

हे उत्तर चुकीचे आहे, कारण आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा अंगकाठीशी फारसा संबंध नसतो. रक्तातले एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, ओढून घेणारी ग्राहके यकृताच्या पेशींवर असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ती शोधली आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया या विकारात जनुकीय दोषामुळे हे काम अर्धवट होते आणि एलडीएल जन्मापासूनच चढे राहते. जगात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा विकार असतो, आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. रक्तवाहिन्यांचे नुकसान वर्षांच्या हिशेबाने साचत जाते, म्हणून तिशीत कळणे आणि आठव्या वर्षी कळणे यांत मोठे अंतर आहे.

‘एवढ्याशा जिवाला आयुष्यभराची गोळी?’ ही पालकांची शंका मात्र रास्त आहे. तिला उत्तर देणारा एक डच अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विकार असलेल्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू करून त्यांचा २० वर्षे पाठपुरावा करण्यात आला. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्या बाधित पालकांपैकी २६ टक्क्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला होता, मुलांत हे प्रमाण १ टक्का राहिले. पालकांपैकी ७ टक्के त्या वयाच्या आत अशा त्रासाने दगावले होते, मुलांपैकी एकही नाही. आधीच्या पिढीच्या सवयी वेगळ्या होत्या, त्यामुळे हा सगळा फरक गोळीचाच म्हणता येणार नाही. तरी तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. मुलांवर झालेल्या चाचण्यांत वाढीवर किंवा वयात येण्यावर विपरीत परिणाम आढळलेला नाही. पथ्य आणि व्यायाम हवेतच, पण या विकारात तेवढ्याने भागत नाही. त्यामुळे साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात डॉक्टर औषधाचा विचार करतात, डोस कमी ठेवतात, अधूनमधून रक्त तपासतात. मुलींच्या बाबतीत पुढे गर्भधारणेचे ठरले की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवावी लागते, हेही पालकांनी आधीच समजून घ्यावे.

दुसरी भीती उघड बोलली जात नाही : मुलीला ‘हार्टचा त्रास’ म्हटले तर लग्न कसे जमणार? पण लपवल्याने दोष जात नाही, तो पुढच्या पिढीत उतरतो. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या समाजांत तर ही लपवालपवी जास्त महाग पडते. एकाच आजोबा-आजीकडून आलेला दोष नवराबायको दोघांतही असेल, तर अपत्याला तो दुहेरी मिळण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलांच्या त्वचेवर आणि स्नायुबंधांवर पिवळट गाठी दिसतात आणि झटका विशीच्या आतही येऊ शकतो. राहिला मुलाच्या मनाचा प्रश्न. चष्मा लागला म्हणून आपण मुलाला आजारी समजत नाही. रोजच्या गोळीकडेही घराने तसेच पाहिले, तर मूलही तसेच पाहील.

मग सरसकट सगळ्या मुलांची तपासणी करायची का? यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. स्लोव्हेनियात पाच वर्षांच्या मुलांची तपासणी होते, तर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२३ मध्ये सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. पण तो प्रश्न लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण मुलांचा आहे, घरात ठळक इतिहास असलेल्यांचा नव्हे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये पहिली लिपिड तपासणी १८व्या वर्षी आणि असा इतिहास असल्यास त्याआधीच करावी, असे सुचवले आहे. नेदरलँड्सने १९९४ पासून रुग्ण सापडला की त्याचे नातेवाईक तपासायचे, अशी मोहीम राबवली. आपल्याकडे सुरुवात रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डापासून करता येईल. पुरुषाला ५५च्या आत किंवा स्त्रीला ६०च्या आत झटका आला असेल, तर त्या कार्डावर ‘भावंडांची व मुलांची लिपिड प्रोफाइल करा’ एवढी एक ओळ लिहिली जावी. जनुकीय चाचणी नंतरची गोष्ट. अशा घरातल्या मुलाचे एलडीएल पुन्हा तपासूनही १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आले, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. कार्डावर ती ओळ छापून येईपर्यंत थांबू नका. आपल्या घरात कोण कमी वयात हृदयविकाराने गेले ते आठवा आणि मुलांच्या रक्ताची तपासणी करून घ्या.