घरच्यासारखी, पण पगार ठरवून



बाळ सांभाळायला बाई ठेवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पगाराचं काय एवढं, घरच्यासारखीच राहील ती." माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो. तिला घरच्यासारखं जरूर वागवावं, पण आधी व्यवहार पक्का करावा.

कवठे महांकाळमध्ये दर ठरवणं अवघड नाही. द्राक्षाच्या विरळणीला, बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या बायकांचा रोज आपल्याला तोंडपाठ असतो. तेवढेच तास बाळ सांभाळणारीला त्याहून कमी का? "ती सावलीत तर बसते," हे उत्तर दात येणारं मूल दिवसभर कडेवर घेतलेल्या कुठल्याही आईला पटणार नाही.

आपलं शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध आहेत. ते काय फक्त बैलाच्या पाठीवरच्या ओझ्यापुरतं? बाळासाठी ठेवलेल्या बाईला धुणं-भांडीही सांगणं हा अतिभारच. आपण सूर्यास्ताआधी जेवतो आणि ती आठपर्यंत थांबते, तर तिच्या जेवणाची सोय आपणच बघायची. अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे घ्यायचं माप एक, द्यायचं दुसरं. दुकानात आपण काटा चोख ठेवतो. मग एक खाडा झाला की पगार कापायचा आणि दोन तास जास्त थांबली तर काहीच द्यायचं नाही, हे कुठलं माप? पर्युषणात आपण सकाळी अभिषेकाला, संध्याकाळी प्रवचनाला जातो, ते तिच्या जिवावर. त्या दहा दिवसांचे जादा पैसे तिला मिळालेच पाहिजेत.

पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला, तोही पगारवाढ आणि हक्काच्या सुट्टीसाठी. २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या बायकांना मंडळाकडे नोंदणी करता येते. ती आपल्या घरी काम करते, एवढा दाखला लिहून द्यायला आपलं काय जातं?

पहिल्याच दिवशी एवढं वहीत लिहावं :

• कामाचे तास, आणि कामात काय येतं, काय नाही
• पगार, आणि तो कोणत्या तारखेला
• आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची भरपगारी रजा
• जादा तासांचा दर, जाण्या-येण्याचा खर्च
• दिवाळीला एक पगार, वर्षाला वाढ
• आपण माहेरी किंवा यात्रेला गेलो, तरी पगार चालू

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. घर बंद आपण केलेलं असतं, तिचं पोट बंद नसतं.

काहीजणी म्हणतील, एवढं परवडत नाही. मग तास कमी करा, कामं कमी करा. पण ठरलेल्या कामाचा दाम कमी करू नका. दान देऊन पुण्य जोडण्याआधी घामाचं देणं फेडलेलं असावं.

जय जिनेंद्र.