घाटावरची मनाई

मागच्या उन्हाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गावात शिरतानाच तलावाच्या पाळीवर नवा कोरा फलक दिसला. 'तलावात कपडे धुण्यास सक्त मनाई. दंड २०० रुपये.' दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी तलावातले मासे मरून काठाला लागले होते. गावातल्या पुरुषांची सभा झाली आणि निदान निघालं: बायांचा साबण.

त्या दिवशी कर्जाचे हप्ते बाजूलाच राहिले. धिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमाले आठ दिवस आदीच समजलं होतं. पहाटे मासोऱ्या वरती तोंड काढून रायल्या होत्या." मी विचारलं, मग सोसायटीला सांगितलं का नाही? ती हसली. "सोसायटीत बुड्याचं नाव आहे, माझं नाही. आमचं कोन आयकते?"

मैत्रिणींनो, म्हातारी जे सांगत होती ते शास्त्राला धरूनच आहे. शेतातलं युरिया-डीएपी, जनावरांचं शेण आणि साबणही पाण्यात उतरलं की शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. दिवसा उन्हात हे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच तो ओढून घेतं. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. उन्हाळ्यात पाणी आटलेलं, त्यात दोन दिवस आभाळ आलं, की मासे हवेसाठी वर येतात आणि मग मरतात. आता सांगा, पहाटे तलावावर कोण असतं? आणि नमुना घ्यायला साहेब कधी येतात? दुपारी बारानंतर, जेव्हा पाणी सगळ्यात चांगलं दिसतं.

साबणाचा दोष नाहीच असं मी म्हणणार नाही. फॉस्फेटची पावडर पाण्याला खत घातल्यासारखीच असते. पण धानाच्या बांध्यांतून वाहून येणारं खत आणि औषध यांवर फलक का नाही? ट्रॅक्टर धुणाऱ्याला दंड का नाही? घरी नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही अर्धा तास. त्यात लेकराबाळांचे कपडे, बाळंतिणीचे धुणे, पाळीचे कपडे कुठे धुवायचे, हे त्या सभेत कुणालाच सुचलं नाही. सुचणार कसं? बाई नव्हतीच तिथे.

भंडारा-गोंदियाचे हे तलाव कोहळी समाजाने बांधले, धानाला पाणी देण्यासाठी. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मासेमारी धिवरांची, ती आता सहकारी सोसायट्यांमार्फत ठेक्याने चालते. पूर्वी मरळ, शिंगी असे तलावातच अंडी घालणारे मासे होते. नंतर कटला, रोहू, मृगळ आले. हे वाढतात भराभर, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली संप्रेरकाची सुई टोचून त्यांची अंडी मिळवण्याची पद्धत आपल्या देशात यशस्वी झाली. तेव्हापासून बीज तयार होतं केंद्रावर आणि सोसायटी ते दरवर्षी पैसे मोजून आणते. बीज खातो म्हणून मरळ शत्रू ठरला. जाळ्यात अडकतात म्हणून पाण्याखालच्या वनस्पतीही काढल्या गेल्या. त्यांच्या मुळापानांतच देशी मासे अंडी घालत आणि त्याच पाण्यातलं जादा खत शोषून घेत. काठाने मग बेशरम माजली. बीज विकत आणायचं म्हणजे भांडवल लागतं, भांडवल आलं की हिशेबाची वही आली आणि वही पुरुषांच्या हातात गेली. बाईच्या वाट्याला टोपली उरली, डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची.

याच जिल्ह्यात काही गावांतल्या धिवर बायांनी बेशरम उपटून, तळ नांगरून, देशी वनस्पती पुन्हा लावल्या आहेत आणि देशी मासे परतले आहेत. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून केलेलं हे काम आहे. त्याचं कौतुक होतं, सत्कारात शाल-नारळही मिळतो. सभासदत्वाचं मात्र कुणी बोलत नाही. सहकार कायद्यात संचालक मंडळावर बायांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण सभासदांतच बाई नसेल तर त्या जागांवर बसायचं कुणी?

कायद्याकडे बघावं तर तिथेही पंचाईत. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना लागूच होत नाहीत. म्हणजे दोन-तीनशे वर्षं मासे, पक्षी आणि माणसं पोसणारा तलाव कागदावर फक्त धानाच्या पाण्याची टाकी!

आपल्या गटांचंही थोडं चुकतंच. पाण्याचा प्रश्न म्हटला की आपल्याला हंडा मोर्चा आठवतो. पाणी म्हणजे प्यायचं, भरायचं, वाहायचं. बाईची रोजी त्या पाण्यात आहे हे आपल्या मागणीपत्रात क्वचितच येतं. मी स्वतः समाजकार्याची पदवी घेताना गावाचे नकाशे काढायला शिकले. तलावाला निळा रंग दिला आणि पुढे गेले. त्या निळ्यावर हक्क कुणाचा, हे विचारायला पुढची दहा वर्षं जावी लागली.

बैठक संपता संपता धिवर बायांनी सोसायटीच्या सभासदत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं. सोबत दोन मागण्या लिहिल्या: पाण्याचा नमुना पहाटे घ्यावा आणि धुण्यासाठी तलावाच्या खालच्या अंगाला वेगळा ओटा बांधून द्यावा, त्याचं पाणी तलावात न जाता परसबागेत जाईल असा. अठरा जणींच्या सह्या-अंगठे झाले. आठवड्याने अर्ज दिला तेव्हा सोसायटीने तो ठेवून घेतला, पोच दिली नाही. म्हातारी म्हणते, पोच मिळेपर्यंत दर सोमवारी जाऊन बसायचं. आतापर्यंत चार सोमवार झाले.